हतनूरच्या बोटीचा तळ: एका पॅचची पूर्ण हकीकत

एप्रिल संपत आला की तापीवरच्या हतनूर धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साठलेलं पाणी, मागे सरकायला लागतो. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. तिथून खाली धरणाच्या ४१ दरवाज्यांपर्यंत पावसाळ्यात नुसतं पाणी दिसतं. उन्हाळ्यात त्याच पाण्यातून गाळाचे पट्टे, खडक आणि बाभळीचे जुने खुंट वर येतात. वर आलेला खुंट दिसतो, त्याचं भय नाही. पाण्याखाली वीतभर राहिलेला खुंट बोट फाडतो.

अशाच एका खुंटावर चढलेली १८ फुटी निळी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उलटी घालून माझ्या वर्कशॉपच्या दारात आली. जळगावात माझं फायबरचं, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या चिकट द्रवात बसवून घट्ट करायचं, काम आहे. टाक्यांची झाकणं, दरवाजे, शाळांच्या घसरगुंड्या, असा बारा महिन्यांचा माल. बोट वर्षाकाठी एखादी येते. ही तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाची, बारा वर्षं वापरातली. सोबत आलेले आप्पा सत्तरीचे, जन्म पाण्यावर गेलेला माणूस. म्हणाले, "भाऊ, एकदा पॅच मारून आणला. नवव्या दिवशीच गयाले लागला." म्हणजे गळायला.

त्या नवव्या दिवशी जाळ्यासकट दोन पोरं पाण्यात होती. बोट अर्धी भरल्यावर त्यांनी डब्याने पाणी उपसत ती काठाला लावली. हे ऐकल्यावर 'किती पैसे लागतील' हा प्रश्न माझ्यापुरता मागे पडला. तळ पाण्याखाली असतो आणि वर माणसं असतात, मग पॅच तात्पुरता असूच शकत नाही.

आधीचा पॅच का सुटला

पॅच गाड्यांचे बंपर सांधणाऱ्या एका गॅरेजमध्ये मारलेला होता. मी त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हाताने ओढला. अख्खा तुकडा पापडासारखा निघून हातात आला. उलटा करून पाहिला तर त्याच्या पाठीला बोटीचा निळा रंग चिकटलेला. म्हणजे रंग न घासता, त्याच्यावरच चॉप मॅटचा, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचा, एक लेअर पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवलेला आणि वरून पुट्टी. पॅचने रंगाला धरलं होतं, रंगाने बोटीला जेमतेम धरलं होतं.

कामात हयगय झाली हे खरं, पण दोष तेवढाच नाही. साच्यात नवी बोट बनते तेव्हा पहिला लेअर अर्धवट ओला असतानाच दुसरा बसतो आणि दोन्ही लेअरमधलं रेझिन रासायनिकरीत्या एकमेकांत गुंफलं जातं. बारा वर्षांपूर्वी घट्ट झालेल्या तळात गुंफायला काही उरलेलं नसतं. तिथे नवं रेझिन फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडून राहतं. त्यात पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने ५ ते ८ टक्के आकसतं, म्हणजे चिकटत असतानाच कडा आत ओढत असतं. नव्या बोटीसाठी पॉलिएस्टर उत्तम आहे. आप्पांची बोटही त्याचीच, आणि बारा वर्षं टिकली. जुन्या बोटीला ठिगळ लावायचं म्हटलं की तेच रेझिन कमी पडतं, कारण तिथे सगळा भार चिकटण्यावर असतो.

मग बोटीची तपासणी. भोक दिसायला लहान होतं, ७ सेंटिमीटर लांब आणि ४ रुंद. पण दिसणारं भोक म्हणजे नुकसान नव्हे. पाच रुपयांचं नाणं घेऊन भोकापासून बाहेर टकटक करत गेलो. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. जिथे आतले लेअर एकमेकांपासून सुटलेत तिथे भोपळ्यासारखा बद्द आवाज. मार्करने हद्द आखली तेव्हा २० बाय १४ सेंटिमीटरचा तुकडा निकामी निघाला. आप्पांनी स्वतः नाणं घेऊन एकदा वाजवून पाहिलं, मान हलवली, आणि मग कापायला हो म्हणाले. मालकाला कानाने पटलं की पुढचं सोपं जातं.

कापल्यावर कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला. तळाची जाडी ६ मिलिमीटर.

बोट वाळवायला सहा दिवस गेले. फुटलेल्या कडेतून पाणी काचेच्या धाग्यांच्या बाजूबाजूने आत शिरतं, वरून हात फिरवला तर कोरडं लागतं. त्याची साधी परीक्षा अशी: स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचा आणि उन्हात सोडायचा. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या आत थेंब धरले. सहाव्या दिवशी काहीच नाही. कोकणात याला किती दिवस लागतात ते तिथले लोक जाणोत. आपल्याकडचं मे महिन्याचं कोरडं ऊन इथे फुकटात काम करून जातं.

रेझिन

पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन घ्यायचं हे पॅच हातात आला तेव्हाच ठरलं होतं. इपॉक्सी मुळातच चिकटवण्याची वस्तू आहे. जुन्या, नीट घासलेल्या पॉलिएस्टरला ते घट्ट धरतं, आकसतं खूपच कमी, आणि पाण्याखाली जास्त भरवशाचं. उलटं मात्र चालत नाही: घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणून आज इपॉक्सी वापरलं तर त्या जागची पुढची डागडुजीही इपॉक्सीनेच करावी लागते. हे मी बोटीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून वर क्लिअर कोट मारून ठेवलंय. पाच वर्षांनी कोण दुरुस्त करेल सांगता येत नाही.

भाव विचाराल तर मला इपॉक्सी हार्डनरसकट (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळायचा दुसरा द्रव) पॉलिएस्टरच्या साधारण तिप्पट पडतं. ऐकायला हा आकडा घाबरवतो, म्हणून लोक तिथेच थांबतात. पण या कामाला लागलं किती? सगळं कापड मिळून सुमारे ४२० ग्रॅम, आणि रेझिन वाया गेलेलं, आतला अस्तराचा हात, पुट्टी, वरचे दोन हात धरून सव्वा किलोच्या आत. दोन रेझिनांमधला फरक पाचशे रुपयांपेक्षा कमी. ट्रॅक्टरचं भाडं त्याहून जास्त झालं. लहान दुरुस्तीत रेझिनवर पैसे वाचवणं मला कधीच पटलेलं नाही. खर्च घासण्यात, वाळवण्यात आणि बंद पडलेल्या मासेमारीत असतो.

हे सगळीकडे लागू नाही. त्याच बोटीचा बसायचा फळीवजा खोका पण तडकला होता. तो मी नेहमीच्या पॉलिएस्टर आणि मॅटमध्येच सांधला. पाण्याच्या वर, भार कमी, सुटला तरी कुणी बुडत नाही.

कापड

इथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे, कारण आमच्या धंद्यातले बरेच जण इथेच अडखळतात.

माझ्या दुकानात ४५० ग्रॅमच्या चॉप मॅटचे रोल कायम असतात. विचार केला, मॅट घरचीच आहे, नुसतं रेझिन बदलू. आधी एका जुन्या झाकणावर नमुना केला. मॅट इपॉक्सीत भिजवली, रोलर फिरवला, वीस मिनिटं फिरवत राहिलो. मॅट पुठ्ठ्यासारखी ताठच. धागे मोकळे होईनात, कोपऱ्यात वळेना, आत पांढुरके ठिपके राहिले. दुसऱ्या दिवशी छिन्नीने उचकटली तर मधे कोरडी काच.

कारण मॅटच्या बांधणीत आहे. चॉप मॅट म्हणजे बोटभर लांबीचे काचेचे धागे वाटेल तसे पसरून त्यांना एका चिकट पदार्थाने धरून ठेवलेलं असतं. हा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळावा अशाच बेताने निवडलेला असतो. स्टायरीन लागलं की मॅट एकदम लुळी पडते, हे आपण रोज पाहतो आणि 'मॅट भिजली' म्हणतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. बाइंडर तसाच राहतो आणि धाग्यांच्या मधे रेझिन नीट शिरत नाही. आणखी एक गोष्ट: मॅट स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त रेझिन पिते. तयार मालात काच ३० टक्के आणि रेझिन ७०. महागडं रेझिन ओतून ताकद कमी मिळते. म्हणून कापड आणि रेझिन ही खरेदी वेगवेगळी होऊच शकत नाही. आधी रेझिन ठरवायचं, मग त्याला चालणारं कापड.

दुसरा पर्याय होता ६०० ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग. यात बाइंडर नसतो, इपॉक्सी शिरतं. पण ते जाड दोऱ्यांचं, गोणपाटासारखं विणलेलं. दोरा वर-खाली जाताना वाकतो आणि वाकलेला धागा ताण घ्यायच्या आधी सरळ होऊ पाहतो. शिवाय दोन रोव्हिंग एकावर एक ठेवले की मधल्या खळग्यांत नुसतं रेझिन साचतं. म्हणूनच बोटी बांधणारे दोन रोव्हिंगांच्या मधे मॅट घालतात. मॅट तर आपण बाद केली.

उरलं शिवलेलं बायअॅक्सिअल कापड. यात सरळ धाग्यांचा एक थर, त्यावर आडवा दुसरा, आणि दोन्ही बारीक पॉलिएस्टर दोऱ्याने टाचलेले. विणकाम नाही, म्हणून धागा वाकत नाही. बाइंडर नाही, म्हणून इपॉक्सीला अडवणारं काही नाही. धागे ४५ अंशांत तिरके असतात, त्यामुळे तळाच्या गोलाईवर ते चांगलं बसतं. ६०० ग्रॅमचं बायअॅक्सिअल हेच घ्यायचं ठरलं. जळगावात त्या आठवड्यात मिळालं नाही, सुरतेहून रेल्वे पार्सलने मागवलं.

मागवताना एक प्रश्न फोनवर विचारून घेतला आणि तो प्रत्येकाने विचारावा: काचेच्या धाग्यावरचा लेप कोणत्या रेझिनसाठी आहे? काच स्वतःहून रेझिनला धरत नाही. कारखान्यात तिच्यावर सिलेनचा पातळ लेप देतात, तो एका टोकाने काचेला आणि दुसऱ्या टोकाने रेझिनला धरतो. काही लेप फक्त पॉलिएस्टरसाठी असतात, काही सगळ्यांना चालतात. दिसायला दोन्ही कापडं सारखीच पांढरी. विकणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर रोलवरचं लेबल वाचून सांगा म्हणायचं.

किती लेअर? हिशोब असा. ६०० ग्रॅमच्या कापडात वजनाने जवळपास तितकंच रेझिन बसलं तर एका लेअरची जाडी पाऊण मिलिमीटर येते. ६ मिलिमीटरला आठ लेअर. चॉप मॅटने हीच जाडी सहा लेअरमध्ये झाली असती, कारण ४५० ची मॅट एका लेअरला मिलिमीटरभर चढते. पण ती जाडी मुख्यतः रेझिनची. जाडी भरली म्हणजे ताकद भरली असं समजू नये.

वरून एक २०० ग्रॅमचं साधं विणीचं बारीक कापड, पाव मिलिमीटरचं. त्याने ताकदीत फारशी भर पडत नाही, पण पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि घासताना चुकून खाली बायअॅक्सिअलला हात लागत नाही.

मे महिना

खानदेशात हे काम करताना खरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात ४४-४५ अंश आपल्याला नवे नाहीत. इपॉक्सीच्या डब्यावर जो वेळ छापलेला असतो तो २५ अंशांचा. साधारण नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ निम्मा होतो. म्हणजे डब्यावर ३० मिनिटं लिहिली असतील तर ३५ अंशांना पंधरा, आणि ४५ अंशांना सात-आठ.

हे मला पाठ होतं. तरी नमुन्याच्या दिवशी सकाळी दहाला पोराने एकाच मगात ६०० ग्रॅम रेझिन हार्डनर घालून ढवळलं, कारण पॉलिएस्टरला आम्ही तसंच करतो. मी आत कापड कापत होतो. दहा मिनिटांच्या आत मगातून धूर निघाला, प्लॅस्टिक मऊ पडलं आणि सगळा गोळा पिवळा होऊन तडकला. नशिबाने कुणाला भाजलं नाही. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं; मगात ती कोंडते, कोंडलेली उष्णता क्रिया आणखी पळवते. तेच रेझिन पसरट ट्रेमध्ये ओतलं तर उष्णता निघून जाते. सूचना देणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. संथ हार्डनर घेतला. एका वेळी दीडशे ग्रॅमच्या वर मिसळायचं नाही, आणि मिसळलं की लगेच ट्रेमध्ये ओतायचं. आणि काम पहाटे साडेपाचला सुरू, आठच्या आत बंद. त्या वेळी शेडमध्ये २८-२९ अंश असतात. (लाकडी होडी असती तर मी संध्याकाळ निवडली असती. दिवस चढतो तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. उतरत्या तापमानात तो त्रास होत नाही.)

मापाबद्दल जरा थांबून सांगतो. पॉलिएस्टरचा हार्डनर म्हणजे क्रिया सुरू करून देणारा. एक टक्का घाला नाहीतर दोन, वेळ मागे-पुढे होतो, माल होतो. त्यामुळे आमच्या पोरांच्या हाताला झाकणाने अंदाजे ओतायची सवय. इपॉक्सीचा हार्डनर स्वतःच मालाचा भाग बनतो. त्याचा प्रत्येक कण रेझिनच्या ठरावीक कणांना जोडला जातो. जास्त घातला तर लवकर होत नाही, जोडीदार न मिळालेला हार्डनर आत मऊपणा धरून राहतो. मी घेतलेल्या जोडीचं प्रमाण वजनाने १००:३०. म्हणजे ११५ ग्रॅम रेझिनला ३४.५ ग्रॅम हार्डनर. हेच प्रमाण मापाच्या पेल्याने घेतलं तर चुकतं, कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. सराफ बाजारात दुकानांच्या काउंटरवर असतो तसला दशांश ग्रॅमचा काटा आणला. सोन्याच्या गावात राहून काट्याची आळस कशाला करायची? दोन मिनिटं ढवळायचं, मगाच्या कडा आणि बूड खरवडायचं, मग दुसऱ्या स्वच्छ मगात ओतून पुन्हा ढवळायचं. कडेला न मिसळलेलं राहिलेलं रेझिन पॅचमध्ये गेलं तर तिथे ते कधीच घट्ट होत नाही.

लेअर

आधी अॅसिटोनने पुसणं, मग घासणं. उलटं केलं तर मेण आणि तेल ग्राइंडरने फायबरमध्ये रगडलं जातं. मग ४० नंबरच्या डिस्कने भोकाभोवती उतार काढला. जाडीच्या बारा पट उतार घ्यायचा, म्हणजे ६ मिलिमीटरला ७२ मिलिमीटर, चारी बाजूंनी. भोक २० बाय १४ चं आणि उतार धरून घासलेली जागा सुमारे ३४ बाय २८. आप्पांचा मुलगा पाहून अस्वस्थ झाला, "एवढं चांगलं फायबर का घासता?" त्याला जुना पॅच दाखवला. त्याच्या चिकटण्याची जागा कडेला बोटभर होती, आणि तीही रंगावर. उतार जितका लांब तितकी नव्या-जुन्याची मिठी मोठी, आणि तळ वाकतो तेव्हा ताण एका रेषेवर न येता पसरतो.

आठ लेअर ७२ मिलिमीटरमध्ये बसवायचे, म्हणजे प्रत्येक लेअर आधीच्यापेक्षा चारी बाजूंनी ९ मिलिमीटरने लहान. सगळे आधीच कापून, नंबर घालून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवले. एक आड एक लेअर ४५ अंशांत फिरवून कापला, म्हणजे धागे चार दिशांना जातात. खुंट कोणत्या दिशेने येईल ते ठरलेलं नसतं.

मोठा लेअर आधी की लहान? यावर कारागिरांत दोन मतं आहेत. लहान आधी बसवला तर जुन्या बोटीच्या लेअरशी नवा लेअर समोरासमोर येतो, हे खरं. पण मी मोठा आधी बसवतो. सर्वांत स्वच्छ, ताज्या घासलेल्या जागेला एक अखंड कापड पूर्ण धरतं, आणि शेवटी वर सफाईसाठी घासताना कटतो तो सर्वांत लहान तुकडा. मोठा वर असता तर घासताना नेमकी त्याचीच कड पातळ झाली असती.

आतून सनमायकाचा तुकडा टेप गुंडाळून टेकू लावून बसवला, म्हणजे भोकाला तात्पुरता तळ मिळाला. घासलेल्या जागेवर साध्या इपॉक्सीचा पातळ हात, खळग्यांत सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी. कापड बोटीवर भिजवण्याऐवजी टेबलावर प्लॅस्टिक अंथरून भिजवलं. पांढरं कापड पारदर्शक झालं की उचलायचं. रोलरने हवा काढायची आणि जादा रेझिनही. चकचकीत, थबथबलेला लेअर म्हणजे जास्त रेझिन.

आठही लेअर एका दमात घातले नाहीत. जाड थर एकदम घातला तर मगात झालं तेच बोटीवर होतं. पहिल्या पहाटे चार, त्यावर पील प्लाय अंथरून सोडलं. हे नायलॉनचं कापड दुसऱ्या दिवशी सोलून काढलं की खाली एकसारखा खरखरीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. पील प्लाय नसेल तर घट्ट झालेल्या इपॉक्सीवर हवेतल्या ओलाव्यामुळे हार्डनरचा मेणचट थर येऊ शकतो. तो अॅसिटोनने नव्हे, साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग सुकवून घासायचं. मेमध्ये हा त्रास कमी, जुलैमध्ये हमखास. दुसऱ्या पहाटे उरलेले चार आणि वरचं बारीक कापड. तिसऱ्या दिवशी बोट सुलटी करून, सनमायका काढून, आतली बाजू घासून आतून दोन लेअर.

हाताबद्दल. नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घासताना मास्क. माझ्याकडच्या एका जुन्या कामगाराला इपॉक्सीची अॅलर्जी झाली. आता डबा उघडा असलेल्या खोलीत आला तरी त्याच्या मनगटांवर पुरळ उठतं. ती एकदा आली की जात नाही. अंगाला लागलेलं इपॉक्सी अॅसिटोनने पुसू नये, ते कातडीत आणखी आत जातं. साबण आणि पाणीच. घासलेली भुकटी पोत्यात भरून ठेवली. हे काम नदीकाठी करायला आप्पा तयार होते, मी नको म्हटलं. भुसावळ तापीचंच पाणी पितं.

ऊन आणि रंग

इपॉक्सीची एक दुखरी बाजू आहे आणि ती आपल्या भागात जास्त दुखते. साध्या हवेत घट्ट झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. गार हवेत ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे मेमध्ये काठावर उलटी ठेवलेली गडद रंगाची बोट सहज त्याच्या पुढे जाते. मी बोटीच्या जुन्या निळ्या भागावर दुपारी दोनला थर्मामीटर रोखला तेव्हा ६८ दाखवले.

पण जे ऊन पॅच मऊ करतं तेच ऊन त्याला पक्कंही करू शकतं. इपॉक्सीला घट्ट झाल्यावर हळूहळू गरम केलं तर उरलेली जोडणी पूर्ण होते आणि मऊ पडायचं तापमान वर सरकतं. पहिले २४ तास सावली. नंतर तीन दिवस पॅचवर काळी ताडपत्री, पहिल्या दिवशी फक्त सकाळी, मग दिवसभर. ताडपत्रीखाली ६० ते ६५ अंश मिळाले. घाई करून ओल्यावरच ऊन दिलं असतं तर रेझिन पातळ होऊन कापडातून ओघळलं असतं.

त्यावर रंग हवाच. इपॉक्सी उघड्या उन्हात पिवळं पडून भुकटी धरतं. जेलकोट (फायबरच्या मालावरचा चकचकीत रंगीत थर) लावला नाही, कारण तो पॉलिएस्टरचा, आणि इपॉक्सीच्या हार्डनरमधला उरलासुरला अमाइन त्याला नीट घट्ट होऊ देत नाही. इपॉक्सी प्रायमर आणि दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग.

रंगावर आप्पा अडले. मी पांढरा म्हणालो. ते म्हणाले, "निया पाहिजे. आमची बोट लांबून वयखू येते ती नियामुयेच." त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळी पाण्यावर दहा बोटी असताना घरच्यांना आपली बोट रंगावरून कळते. शेवटी पूर्ण तळ पांढरा आणि वर कडेला वीतभर निळा पट्टा. उलटी ठेवली की ऊन पांढऱ्यावर पडतं, पाण्यात असली की निळा दिसतो. त्याच दुपारच्या वेळी पांढऱ्या भागाचं तापमान मोजलं तर ४९ भरलं.

ऑक्टोबर

द्यायच्या आधी बोटीत एक दिवस पाणी भरून ठेवलं, खालून सुका कागद लावून. कागद कोरडा राहिला. नाणं वाजवलं, सगळीकडे एकच टणक आवाज. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पूर यायच्या आधी बोट परत गेली.

ऑक्टोबरमध्ये मी स्वतः पाहायला गेलो. तळ कोरडा. पण पॅचच्या एका कडेला रंगात पाच सेंटिमीटरची केसाएवढी चीर होती. आप्पांनी ती मला दाखवायच्या आधी नाण्याने वाजवून घेतली होती. जागेवरच घासून पाहिलं. चीर रंगात आणि पुट्टीत होती, कापड शाबूत. त्या कडेला उतार थोडा जास्त घासला गेला होता आणि मी तो खड्डा मायक्रोबलूनच्या, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळ्या घातलेल्या, हलक्या पुट्टीने दोन-तीन मिलिमीटर भरून काढला होता. ही पुट्टी घासायला सोपी, पण ठिसूळ; अशा जागी ती पातळच बरी. तिथे बारीक कापडाचा आणखी एक तुकडा घालायला हवा होता. तो त्या दिवशी घातला. ऑक्टोबरच्या हवेत संथ हार्डनरला रात्रभर लागली, म्हणून मुक्काम सोसायटीच्या शेडमध्येच केला. सकाळी पील प्लाय सोलून आप्पांच्या हातात नाणं दिलं.